डाव्या हाताचा घुमट

आमच्या आईने मुंबई पाहिली आहे, हे धाकटी डहाणूत सगळ्यांना ठाऊक होतं. खाडीकाठी बाया बोंबील वाळत घालायला जमल्या आणि कुणाच्या तोंडी मुंबईचं नाव आलं, की माना आईकडे वळायच्या. तिच्या वयाच्या बायांमध्ये नवऱ्याने हौसेने मुंबई दाखवायला नेलेली ती एकटीच. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बाबा तिला गाडीत बसवून घेऊन गेले होते आणि त्याच दिवशी परत घेऊन आले होते. दवाखान्यासाठी, मयतासाठी, मासळीच्या कामासाठी मुंबईला गेलेल्या बाया होत्या. नुसतं बघायला गेलेली दुसरी नव्हती.

आई हातातलं काम न थांबवता सांगायची. तिचं सांगणं ठरलेलं होतं, त्यातला शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही. "पयली कमान दिसते. मोठी, दगडाची. तिच्या डाव्या हाताला लाल घुमट. मग मागं सगळं शहर. मानसं ही एवढी, मुंगीएवढी. आनि आवाज नाय. कसला म्हंजे कसलाच आवाज नाय." शेवटच्या वाक्यापाशी ती जराशी थांबायची. मुंबईला आवाज नाही हे ऐकून बायाही थोडा वेळ गप्प व्हायच्या, मग पुन्हा बोंबलांना हात लावायच्या.

मी सातवीत असताना आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली. परत आले ती आईवर चाल करूनच. घुमट उजव्या हाताला आहे, कमान सगळ्यात शेवटी येते आणि आवाजाने कान किटतात, असं मी चुलीपुढे उभं राहून तिला ऐकवलं. दुसऱ्याची चूक काढायला मला तेव्हाही फार आवडायचं. पुढे त्याच गुणावर पोट भरलं. आई म्हणाली, "आमी गेलो तवा असंच होतं." बाबा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. एरवी माझ्या वकिलीला ते मनापासून हसायचे. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही.

आईला डावं-उजवं कळत नाही, असा निकाल मी लावून टाकला. पुढे मी शिक्षिका झाले. तलासरी तालुक्यात, झरीच्या बाजूला एका शाळेत शिकवते. पहिलीच्या मुलांना डावा हात, उजवा हात शिकवताना मी हमखास सांगायचे, की माझी आई एवढी मोठी झाली तरी तिला अजून डावा हात ओळखता येत नाही. मुलं खदखदून हसायची आणि धडाही त्यांच्या पक्का लक्षात राहायचा.

हे सगळं लिहू का, असं मी आईला विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "लिही. आता त्या येळच्या बाया उरल्या किती? पन नावं घालू नको." म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

बाबा तांडेल होते. होडी त्यांच्या हुकमावर चालायची, जाळं कुठे टाकायचं हे ते ठरवायचे. मासळी घेऊन मुंबईच्या धक्क्याला जाणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. काळोखात, किनारा दिसत नसताना, वाऱ्याच्या आणि चांदण्यांच्या भरवशावर ते होडी बरोबर आमच्या खाडीच्या तोंडाशी आणून उभी करायचे, असं त्यांचे खलाशी सांगत. समुद्रात ते कशाला भ्यायले असं कुणी ऐकलं नव्हतं. गेले मात्र घरी, खाटेवर, लांबलेल्या दुखण्याने. शेवटी शेवटी त्यांना कूस बदलायलाही आईचा हात लागायचा.

ते गेले तेव्हा आई रडली नाही. नंतरही रडली नाही. ती हळूहळू बोलायची थांबली. हो, नाय, जेव, झोप, एवढ्यावर तिचा दिवस भागायला लागला. खाडीकाठी जाऊन बसायची, पण बायांच्या बोलण्यात तिचा शब्द नसायचा. तिला बोलतं करायचं म्हणून बाया मुद्दाम मुंबईचा विषय काढायच्या. "आता नाय आठवत," एवढंच ती म्हणायची. हे मला शेजारच्या काकीने सांगितलं. आई आपल्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे आणि आपण शाळेच्या वह्या तपासत बसलो आहोत, असं वाटायला लागलं. मी डहाणू स्टेशनजवळ राहते, रिक्षाने गेलं तर आईचं घर लांब नाही. तरी आमच्या दोघींत अंतर पडलं होतं खरं.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे पांगले. मी भांडी आवरत होते आणि आई दारात बसली होती. ती आपणहून बोलली.

"मना मुंबई बघायची हाय."

"पुन्हा?" मी विचारलं.

ती जराशी घुटमळली. "हां. पुन्ना."

आई काही मागणारी बाई नव्हे. उभ्या आयुष्यात तिने माझ्याकडे साडीसुद्धा मागितली नाही. मी हातातलं पातेलं तसंच ठेवलं आणि हो म्हणाले. तिला काय हवंय ते मला तिथल्या तिथे कळलं, असं मला वाटलं. बाबांबरोबर ती जिथे जिथे चालली, त्या जागी तिला एकदा जाऊन यायचं होतं. तिला त्या सगळ्या जागा दाखवायच्या, म्हणजे ती पुन्हा बोलायला लागेल. मला तेवढंच हवं होतं.

मुंबई दाखवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. दरवर्षी आमच्या शाळेची मुलं मी तिथे नेते. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेतून वाट काढत वाढलेली मुलं ती, मुंबईच्या रस्त्याचं त्यांना काही वाटत नाही. वाटतं ते मलाच. म्हणून माझ्या पर्समध्ये कायम एक शिट्टी असते आणि माझा मार्ग ठरलेला असतो: चर्चगेटला उतरायचं, मैदानाच्या कडेने घड्याळाच्या मनोऱ्याकडे, तिथून हुतात्मा चौक, काळा घोडा, म्युझियम आणि शेवटी गेटवे. आईलाही मी याच मार्गाने न्यायचं ठरवलं. आदल्या रात्री तिने भाकऱ्या केल्या, सुक्या बोंबलांची चटणी केली आणि सगळं एका फडक्यात बांधलं. मी म्हटलं, तिकडे हवं ते मिळतं. तिने गाठ आणखी घट्ट केली.

गाडीतलं सांगण्यासारखं काही नाही. आई खिडकीशी बसून बाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे.

चर्चगेटला उतरल्यावर ती फलाटावरच्या एका बाकापाशी थांबली. हात लावून बघितला.

"ह्यो लाकडाचा होता," ती म्हणाली.

मला केवढा आनंद झाला. आठवतंय तिला. मी विचारलं, "इथे बसला होतात तुम्ही?" तिने मान हलवली आणि बसली. फडकं मांडीवर घेतलं. "भाकर खाऊ."

"आत्ता? आत्ताच तर उतरलोय. बागेत बसून खाऊ या, छान झाडं आहेत." मी तिला उठवलं. माझ्या सहलीत जेवणाची जागा म्युझियमजवळ आहे आणि ती मी कुणासाठी बदललेली नाही.

स्टेशनाबाहेर आलो तर आई फुटपाथच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. समोरून टॅक्सी, बस, मोटारी चाललेल्या. मी दोनदा म्हटलं, चल. ती नुसती त्या रस्त्याकडे बघत होती. मी हात धरला तर गार लागला आणि तिने माझी बोटं इतकी आवळली, की मला वळून तिच्याकडे बघावं लागलं.

"रोजच असं असतं ना गो?" तिने विचारलं.

"काय?"

"ह्या गाड्या. थांबतच नाय."

"सिग्नल पडला की थांबतात. बघ, थांबल्या." मी तिला ओढतच पलीकडे नेलं. पलीकडे गेल्यावर तिने वळून मघाच्या जागेकडे पाहिलं. इतका छोटा रस्ता होता तो, असं काहीतरी ती पुटपुटली. मी घड्याळात बघत होते, मी नीट ऐकलं नाही.

मग मी दाखवत गेले आणि ती बघत गेली. घड्याळाचा मनोरा दाखवला. "हा पाहिला होतात ना तुम्ही?" "असेल." हुतात्मा चौकात तिने दगडी मशालीपुढे हात जोडले, कुणासाठी ते विचारलं नाही. कारंज्याभोवतीच्या जुन्या इमारती मी तिला बोटाने दाखवल्या: दगडात कोरलेली पानं, सिंहाची तोंडं, खिडक्यांच्या कमानी. फुटपाथवरची पुस्तकं, गळ्यात ओळखपत्रं अडकवून जेवायला निघालेली माणसं, सँडविचवाल्याभोवतीची गर्दी. हॉर्न असे वाजत होते की मला तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. "आणि म्हणे आवाज नाही," मी तिला चिडवलं. ती हसली नाही. तिची नजर खाली, स्वतःच्या पायांकडे होती. पुढच्या माणसाची टाच आणि आपली पावलं, एवढंच ती बघत चालली होती.

काळ्या घोड्यापाशी मी तिला थांबवून पुतळा दाखवला. तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये त्यानं..." ती म्हणाली आणि थांबली.

"हे त्याने काय?"

"काय नाय."

म्युझियमजवळच्या झाडाखाली ती भाकरी खायला तयार होईना. भूक नाही म्हणाली. फडकं सोडलंच नाही. तिथे मात्र माझा तोल गेला. मी शाळेत रजा टाकली होती, घरच्यांना अडचणीत ठेवलं होतं, आणि ही बाई जत्रेत हरवल्यासारखी चेहरा करून बसलेली. "तुला काहीच आवडत नाहीये का? तुझ्यासाठी आलोय ना आपण? बाबांबरोबर कुठे कुठे गेलीस ते तरी सांग, तिथे नेते."

तिने पदर सारखा केला. "घरी जाऊ या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला रडू आलं. सकाळी बाकाला हात लावताना जी थोडीशी उजळली होती, ती आता गाडीतल्यापेक्षाही जास्त मिटली होती. मी तिला बोलतं करायला आणलं आणि होतं तेवढंही बंद केलं.

पण गेटवे तिथून हाकेच्या अंतरावर होतं. एवढं बघू आणि जाऊ, असं मी म्हटलं. तिने नाही म्हटलं नाही.

आपण जमिनीवरून जातो तेव्हा कमान पाठीकडून दिसते आणि तिच्या आरपार पाणी. उजव्या हाताला ते जुनं हॉटेल, त्याचा लाल घुमट. फोटोवाले, फुगेवाले, कबुतरं, शाळांच्या सहली, दर दोन पावलांवर कुणीतरी कुणाचा तरी फोटो काढतंय. आई मधोमध उभी राहिली. कमानीकडे बघितलं, घुमटाकडे बघितलं, पुन्हा कमानीकडे.

"उलटं हाय," ती म्हणाली.

"सातवीपासून सांगतेय मी तुला."

ती कठड्याकडे चालत गेली आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. खाली लाँचा हेलकावत होत्या. खारा, डिझेलचा वास आला आणि सबंध दिवसात पहिल्यांदा तिने मोठा श्वास घेतला.

"मी मुंबई बघितलीच नाय," आई म्हणाली.

मला वाटलं, गर्दीत मी काहीतरी चुकीचं ऐकलं. ती पाण्याकडेच बघत सांगत राहिली.

"आमी आलो. त्या स्टेशनात उतरलो. भायेर आलो, तर त्यो रस्ता. तुज्या बापानं माजा हात धरला. चारचौघांत धरला, मना लाज वाटली. गाड्या थांबल्या की जाऊ, म्हनाला. त्या थांबना. कुठला रस्ता कुठं जातो त्याला कळेना, आनि कुनाला विचारीना. लई येळ उभे होतो. त्याचा हात भिजून गेला घामानं. मग म्हनाला, चल, भूक लागली. त्या बाकावर भाकर खाल्ली आनि गाडीत बसलो."

"आणि परत आलात?"

"मग काय. आर्ध्या वाटंपर्यंत तो बोलला नाय. मग म्हनाला, घरी काय सांगशील? मी म्हनलं, तू सांग काय सांगू. तवा त्यानं सांगितलं. होडीतून त्याला दिसायचं ते. कमान, घुमट, मानसं, सगळं. डहाणू येईपर्यंत मी पाठ केलं."

मी कठड्याला धरून उभी राहिले. बाबा त्या फुटपाथवर उभे मला दिसले. तिथे वारा नाही, आकाशाची नुसती पट्टी, चारी बाजूंना उंच भिंती आणि हाताशी नवी बायको. ज्या माणसाला काळोखात आपली खाडी सापडायची, त्याला तिथे समोरचा फुटपाथ सापडला नव्हता. आणि वस्तीत हे कळलं असतं तर जन्मभर त्यांना हसले असते. तांडेल रस्त्याला भ्याला, म्हणाले असते. आईने ते होऊ दिलं नाही. इतकी वर्षं, बोंबील टांगता टांगता, तिने शब्दही न बदलता त्यांची लाज राखली होती.

"नंतर कधी म्हणाले नाहीत, पुन्हा जाऊ म्हणून?"

"दर सालाला म्हनायचा. होळी झाली की जाऊ."

"मग?"

"मीच नको म्हनायची," आई म्हणाली. "पुन्ना तसाच उभा राहिला असता."

मी वर्गात मुलांना हसवण्यासाठी वापरलेला डावा हात मला आठवला. सकाळी जिथे तिला भाकरी खायची होती, तो बाक आठवला. अख्ख्या मुंबईत तिची अशी जागा ती एकच होती, आणि तिथून मी तिला उठवलं होतं.

शेवटी मी म्हटलं, "आता पाहिलीस ना? आता खरंच पाहिलीस."

"ह्ये नाय." तिने मागच्या गर्दीकडे हात केला. "त्यानं सांगितलेलं बघायचं हाय मना. ते तिकडून दिसतं." आणि तिने पाण्याकडे बोट दाखवलं.

मी लाँचांकडे पाहिलं. बंदरात चक्कर मारून आणणारी एक लाँच भरत होती. "मग चल," मी म्हटलं, "यातून जाऊ."

आई दोन पावलं मागे सरली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्याकडे बाई होडीला हात लावते तो नारळी पुनवेला, पूजेपुरता. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदीकुंकू लावायचं, नारळ द्यायचा आणि वाळूवर मागे उभं राहायचं. बाईचा पाय होडीत पडला तर जाळं रिकामं येतं, असं मानतात. घरातल्या मुलीसुद्धा ओढून ठेवलेल्या होडीत खेळायला चढत नाहीत. आईने जन्मभर बाबांची होडी पूजली, तिच्यासाठी उपास केले, पण आत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आणि आता तर तिला नाळेला हळदीकुंकू लावायचाही मान राहिला नव्हता.

"ही मासे धरायची होडी नाही," मी म्हटलं. "प्रवाशांची लाँच आहे. यात जाळंच नसतं."

"होडी ती होडी."

यावर माझ्याकडे आणखी चार मुद्दे तयार होते. मी ते बोलले नाही. तिच्याशेजारी कठड्याला टेकून गप्प उभी राहिले, माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझं मलाच माहीत. एक लाँच गेली. दुसरी आली. बाया चढत होत्या, उतरत होत्या; कुणी परकर वर धरून, कुणी मूल काखेत मारून. एका म्हातारीला दोघांनी धरून आत घेतलं. आई एकटक बघत होती.

"आपली होडी आता कुठं हाय?" ती म्हणाली. मला विचारत नव्हती. "माज्या पायानं आता कुनाचं जाळं रिकामं येनार?"

आणि ती चालायला लागली. धक्क्याच्या पायऱ्या उतरली, शेवाळलेल्या पायरीवर थांबली, चपला काढून हातात घेतल्या. लाँचवाला घाई करत होता, "चलो अम्मा, चलो." तिने त्याचा पुढे केलेला हात धरला नाही. आधी वाकून लाँचच्या कडेला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली, आणि मग उजवा पाय आत ठेवला. मी मागून धरायला गेले, पण तिला गरज नव्हती. लाँच हलली तशी ती पायांवर सावरून उभी राहिली, जणू हे रोजचंच होतं.

आत सगळे समुद्राकडे तोंड करून बसले होते. आई शहराकडे तोंड करून बसली. नारिंगी जाकीट अंगात, चपला मांडीवर, भाकरीचं फडकं चपलांवर. लाँच धक्क्यापासून सुटली आणि वळली.

वळताना मी पाहिलं. कमान आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, एकदम पुढे, पाण्याच्या काठाशी. आणि लाल घुमट तिच्यामागून हळूहळू सरकत बाहेर आला, डाव्या हाताला. मागे सगळं शहर. आपण ज्यातून दिवसभर धक्के खात आलो ते सगळं एका ओळीत, आणि धक्क्यावरची माणसं मुंगीएवढी. आईचे ओठ हलत होते. पहिली कमान. डाव्या हाताला घुमट. मी तिच्याबरोबर मनात म्हणत गेले, आणि एकही शब्द चुकला नाही.

परत येताना धक्क्यावर जागा नव्हती. पुढच्या लाँचा हटेपर्यंत आमच्या लाँचवाल्याने इंजिन बंद केलं. आणि एकदम शांत झालं. लाटांचं लाकडावर आपटणं तेवढं. समोर एवढी मोठी मुंबई हलत होती, गाड्या पळत होत्या, माणसं चालत होती, आणि तिकडून आवाज नव्हता. कसलाच नव्हता.

"बग," आई म्हणाली. "खोटं नव्हता सांगत."

मग ती रडली. वर्षभर न रडलेलं सगळं, पदर तोंडाला न लावता, उघड. शेजारच्या बाईने मला खुणेने विचारलं, बरं नाही का? मी मान हलवून सांगितलं, बरं आहे. मीही रडत होते. बाबांना मुंबईतलं जे ठाऊक होतं ते एवढंच होतं, आणि ते त्यांनी गाडीत बसून सगळंच्या सगळं तिला देऊन टाकलं होतं.

स्टेशनकडे परत जाताना मी सिग्नलपाशी शिट्टीवाल्या बाईसारखं ओढलं नाही तिला. ती थांबली तिथे थांबले. चर्चगेटच्या त्या बाकावर बसून आम्ही भाकऱ्या खाल्ल्या, वाळलेल्या होत्या, चटणीने तोंड पोळलं. गाडीत आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. असं तिने याआधी केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी आईकडेच राहिले. खाडीकाठी बाया जमल्या होत्या. आई बोंबलांची पाटी घेऊन गेली, तिच्या पाठोपाठ मी. शेजारच्या काकीने विचारलं, "काय गो, काय बगून आलीस? लई बदलली म्हनतात मुंबई."

आईने एक बोंबील दुसऱ्यात अडकवला आणि दोरीवर टांगला.

"होती तशीच हाय," ती म्हणाली. "पयली कमान दिसते. मोठी, दगडाची. तिच्या डाव्या हाताला लाल घुमट." वर्षभराने बाया तो आवाज ऐकत होत्या. ती शेवटपर्यंत गेली, माणसं, मुंगी, सगळं. "आनि आवाज नाय."

काकी माझ्याकडे वळली. दरवर्षी मुंबईला मुलं नेणारी मी, आणि आईच्या या वाक्याला लहानपणापासून हसत आलेली.

"नसतो," मी म्हटलं. "कसलाच आवाज नसतो."

आणि मी पाटीतला बोंबील उचलला.